स्वयंपाकघराची भिंत, नऊशे रुपये

२ नोव्हेंबर २००३, रविवार. सिद्धेश्वर.

काल हिंगोलीचं घर सोडलं. बारा वर्षं दोन महिने. सगळं सामान एका टेम्पोत बसलं, वर जागा उरली. शोभाची आई असती तर दोन खेपा झाल्या असत्या, एकही डबा टाकू दिला नसता.

घर चार्ज दिल्यासारखं दिलं. ऑफिसात बदलीच्या वेळी यादीबरहुकूम देतात तसं. बल्ब तीन, होल्डर चार, मोरीची जाळी, किल्ल्या दोन. चुना स्वतः मारला. स्वयंपाकघराच्या भिंतीतलं भोक परवा मारोती गवंड्याकडून बुजवून घेतलं, वर गिलावा, त्यावर चुना. आता तिथे काही होतं असं कोणी म्हणणार नाही. घेतलं तसं दिलं.

घरमालक रशीदभाई (यापुढे र.भाई) त्याच घराच्या पलीकडच्या अर्ध्यात राहतात. पत्र्याच्या पेट्या करतात. रोजे चालू, त्यामुळे घाईत आले, किल्ल्या घेतल्या, घर पाहिलं नाही. डिपॉझिटचे चार हजार आठ दिवसांत पोचवतो म्हणाले.

ते चार हजार शोभाच्या आईचे. एक्याण्णव साली तिच्या पायातले चांदीचे तोडे मोडून भरले होते. तांड्यावरून शहरात आलो तेव्हा तेवढंच होतं. दर दिवाळीला म्हणायची, घर सोडाल त्या दिवशी माझे तोडे मला परत. आता शोभाला करून द्यायचे. तसं दवाखान्यात कबूल केलं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार.

कालवा अजून बंद. गेटला ग्रीस चालू आहे. इथे मोजणीदाराला काम पाणी सुटल्यावरच. बदली मी मागून घेतली, म्हणून सेक्शनमधले जरा विचित्र बघतात. हिंगोली सोडून इथे कोण येतं.

पेट्या उघडल्या. एक जर्मनची वाटी निघाली, आपली नाही. र.भाईंकडची असणार. परत करायची.

भोकाला बिजागरीचं पत्र्याचं झाकण होतं, ते टाकलं नाही. बाहेरून निळं, आतल्या बाजूला गुलाबाचं फूल काढलेलं. तिला असलं काहीबाही आवडायचं. पाण्याच्या पिंपावर बरोबर बसतं.

घर लहान आहे. बरं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.

औंढ्याच्या गाडीने र.भाईंच्या दुकानातला माणूस येऊन गेला. पैसे नाहीत, कागद. पेट्यांच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहिलेला.

चुना ३००. नळाची तोटी ६०. कडी ४०. भाडेकरूने स्वयंपाकघराची भिंत खराब केली, ९००. एकूण कपात तेराशे. बाकी दोन हजार सातशे, येऊन घेऊन जाणे.

कागद तीन वेळा वाचला. चुना मी मारला. तोटी पहिल्या दिवसापासून गळत होती, त्याखाली तिने बारा वर्षं टोपलं ठेवलं. हे सगळं सांगता येईल. पण भिंतीचं वाचून कान तापले. म्हणजे भोकाचं त्यांना माहीत होतं. बुजवूनही कळलंच.

भाडेकरूने म्हणजे मी नाही. तिने.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

र.भाईंना पत्र लिहायला बसलो. चार कागद गेले. पत्र लिहिताना ऑफिसची भाषा येते, दुसरी येत नाही.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की सदर भोक माझ्या गैरहजेरीत पाडण्यात आले असून त्याबाबत मला कल्पना नव्हती. हे खरं आहे. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस कालव्याच्या कामावर होतो, परत आलो तर चुलीमागच्या भिंतीत भोक. तिला विचारलं, कोणाला विचारून? ती म्हणाली, विचारलं ना. कोणाला, हे मी विचारलं नाही. परक्याची भिंत फोडली या विचारानेच माझं जेवण गेलं. ती त्यातून पलीकडे भाजी द्यायची, पलीकडून काहीतरी यायचं. बायकांचं काम, मी त्यात पडलो नाही.

र.भाई दर एक तारखेला भाड्याला यायचे तेव्हा मी त्यावर कॅलेंडर सोडायचो. नऊ वर्षं. ती तोंडाला पदर लावून हसायची.

तो मजकूर खोडला. उत्तर द्यायला ती नाही, तिच्यावर कसं टाकायचं.

शेवटी असं लिहिलं: भिंत खराब केलेली नाही, पूर्ववत करून दिली आहे, विटा व मजुरी माझ्या खर्चाने. सबब नऊशे रुपये व सदर शेरा दोन्ही रद्द करावेत. शेरा शब्दाखाली रेघ मारली.

टपालात टाकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

शोभा कळमनुरीहून आली, लेकीला घेऊन. घर झाडलं, डबे फळीवर लावले, तिच्या आईसारखे उंचीप्रमाणे. कागद तिला दाखवला नसता, पण तिने फळीवरून काढला.

"बापू, नऊशे रुपयासाठी काहून जीव टांगून ठिवला? सोडून द्या की."

मी म्हणालो, नऊशेचं नाही. मग कशाचं, म्हणाली. तिने परत एकदा वाचलं आणि म्हणाली, याडीचं नाव तर कुठंच न्हाई याच्यात. आईला ती याडीच म्हणते.

नाही. पण आहे.

तोड्यांचं तिला मी सांगितलेलं नाही. पूर्ण पैसे आल्यावर सांगेन. पोर पिंपावरच्या झाकणातलं फूल बोटाने खरवडत बसली होती. हलवलं की रडायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

औंढ्याला गेलो होतो, एस.टी.डी.वरून दुकानात फोन केला. मागे पत्रा ठोकण्याचा आवाज, निम्मं ऐकू आलं नाही.

र.भाई शांतपणे बोलले. पत्र मिळालं. चुना सोडला, तोटी सोडली, कडीही सोडली. "पण भिंतीचे न्हाई सोडनार राठोडसाहेब. अम्माला लई तकलीफ झाली."

र.भाईंच्या अम्मा खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत, हे माहीत होतं. मला वाटलं, ठोकाठोकीचा त्रास. रोज्याच्या दिवसात गवंडी लावला, हे चुकलंच. तसं म्हणालो, माफी मागितली. र.भाई म्हणाले, "तुमी येऊन बघा. फोनवर काय सांगू."

रविवारी जातो. टेप बरोबर नेतो. गिलावा सुटला असेल तर मोजून काय ते ठरवता येईल.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सकाळच्या गाडीने हिंगोली. आताच परत आलो, अजून उजेड आहे. आठवेल तसं लिहितो.

र.भाई दुकानाबाहेर उभे होते. आधी आमच्या बाजूने गेलो. घर रिकामं. चुना चांगला बसला आहे. बुजवलेली जागा हाताने चाचपून शोधावी लागली. टेप लावला, गिलावा कुठे सुटलेला नाही. म्हणालो, खराब कुठे आहे दाखवा.

ते म्हणाले, इकडून न्हाई, चला तिकडून.

बारा वर्षांत त्यांच्या घरात आत कधी गेलो नव्हतो. ओट्यापर्यंत जायचो. आतल्या खोलीत भिंतीला लावून बाज, बाजेवर अम्मा. त्यांच्या उशापाशी, हात पोचेल इतक्या जवळ, ओबडधोबड विटा आणि बाहेर आलेला चिखल. मारोतीने त्या बाजूने गिलावा केलाच नव्हता, मी सांगितलंच नव्हतं. पलीकडची बाजू असते हे ध्यानातच आलं नाही.

भोक जमिनीपासून दोन फूट चार इंचावर होतं, हे मला आधीपासून ठाऊक. मला नेहमी वाटायचं, फोडायचंच होतं तर हाताच्या उंचीला तरी फोडायचं, इतकं खाली काय. बाजेवर पडलेल्या माणसाच्या हाताची उंची आहे ती. तिकडे अम्मा निजून, इकडे ही चुलीपुढे बसून. तोंडासमोर तोंड.

अम्मांनी बस म्हटलं. रोजा असून सुनेने माझ्यासाठी चहा आणला, नको म्हटलं तरी. मग अम्मा बोलू लागल्या.

"छेद मेरा है बेटा. मेरा कूल्हा टूटा उस साल. मिस्तरी कू मैं बुलाई, पैसे मैं दी. जमना तो डरती थी. बोली, इनकू पूछके बोलती. मैं बोली, नक्को पूछ. मरदां कू पूछे तो कागज निकालते."

र.भाई खाली बघत होते. त्यांनाही त्या वेळी विचारलं नव्हतं म्हणे. पेटीचा पत्रा गेला कुठे, म्हणून दोन दिवस शोधत होते.

नंतर अम्मांनी ऑगस्टपासूनचं काढलं. ती गेल्यावर रोज संध्याकाळी भोकात एक वाटी असायची. दाळ, कधी भात, रोजे सुरू झाल्यावर भजी, खजूर. मी समजत होतो, सून ठेवते, शेजारधर्म म्हणून. खायचो, वाटी घासून परत ठेवायचो. एकदाही वाकून पलीकडे पाहिलं नाही.

"तू कटोरी धोके रखता था. खाली. जमना एक दिन खाली नहीं दी. कुछ नहीं तो नमक की डली."

मला खरंच माहीत नव्हतं. तिने वाटीत काय घातलं, हे मी कधी पाहिलंच नाही.

"पाचवे रोजे कू ठोकने की आवाज आई," म्हणाल्या. "मैं बहू कू बोली, देख, छेद बड़ा कर रा."

एवढं बोलून भिंतीकडे वळल्या. सुनेने त्यांच्या पाठीवर शाल ओढली. मी चहा संपवला. कप कुठे ठेवावा कळेना.

बाहेर आल्यावर र.भाईंना म्हणालो, मी कळवायला हवं होतं. ते म्हणाले, "तुमी माणूस सरळ. पण कागद दिल्याबिगर तुमी येत न्हाई. कागद दिला तर आले ना." हसले थोडे. मग हिशोबाचं बोलले. एकतीसशे ईदनंतर पाठवतील. नऊशे भिंत परत उघडायचे. उघडायचे, बुजवण्याचे नाहीत. मी उलटं वाचलं होतं.

वाटी न्यायची विसरलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी पिंपावरचं झाकण काढून उन्हात धरलं. आतल्या बाजूला वरच्या कोपऱ्यात पेटीची कडी आहे, ओढून बसवायची. निळा रंग पेटीचाच. गुलाब र.भाईंच्या वडिलांच्या हातचा असेल. प्रत्येक पेटीवर तेच काढायचे, अठ्ठ्याण्णवला वारले. अख्खी हिंगोली ते फूल ओळखते. नऊ वर्षं ते माझ्या चुलीमागे होतं आणि मी त्यावर कॅलेंडर सोडत होतो. र.भाईंपासून लपवायला, त्यांच्याच दुकानचा पत्रा.

हसू आलं. ती तेव्हा कशाला हसायची ते कळलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

ईद. पाणी सुटलं. पहिल्या मोरीवर गेज दोन फूट एक. दिवसभर कालव्यावर.

दरवर्षी या दिवशी तिकडून मोठं पातेलं यायचं. भोकातून जायचं नाही, मग दारातून आणायचे. तेवढं एक मला दिसायचं.

७ डिसेंबर, रविवार.

एकतीसशेची मनिऑर्डर आली. कुपनावर र.भाईंचं अक्षर: बाकी ९०० अम्माकडे. देत नाही.

शोभाला तोड्यांचं सांगितलं. तिने आईचे तोडे किती वजनाचे होते ते विचारलं. आठवत नाही. वाजायचे ते आठवतं. वसमतच्या सोनाराकडे तिने विचारलं, एकतीसशेत होतील, पण पोकळ. ती म्हणाली, थांबू, पोकळ नको. आता तीही नऊशे सोडा म्हणत नाही.

पैसे पेटीत ठेवले.

१४ डिसेंबर, रविवार.

गेज तीन फूट. गव्हाला मागणी चांगली.

काल र.भाईंचा सेक्शन ऑफिसात फोन आला. घराला नवीन भाडेकरू मिळतो आहे, बँकेतला शिपाई, बायको आणि दोन मुलं, एक जानेवारीपासून. भाडं जास्त देतो. घर पसंत आहे, विशेषतः स्वयंपाकघर. भिंत बघून त्याची बायको म्हणाली म्हणे, सगळं बंद आहे ते बरं आहे. का, ते तिने सांगितलं नाही आणि र.भाईंनी विचारलं नाही.

अम्मा म्हणतात, उघडा. र.भाई मध्ये. मी म्हणालो, मग माझे नऊशे कशाचे कापले? उघडायचे कापले आणि उघडणार नसाल तर ते परत आले पाहिजेत. हे मी जरा जोरात बोललो असेन, क्लार्कने मान वर केली. र.भाई म्हणाले, "मला बी कळंना साहेब. पैसे अम्माच्या उशाखाली हायेत. तुमी मागून बघा."

पैसे मागायला गेलो तर त्या देतील. तेच अवघड आहे.

२१ डिसेंबर, रविवार.

मारोती गवंडी औंढ्याच्या बाजारात भेटला. त्याला विचारलं, बुजवलेलं परत उघडायचं तर किती वेळ. म्हणाला, उघडायला काय, तासाभराचं काम, माझाच तर हात. मग हसला. "साहेब, तुमी आदी ठरवा, भोक पायजे का भिंत पायजे."

शोभाला विचारलं. म्हणाली, उघडून पलीकडे बसणार कोण, ती शिपायाची बायको? बरोबर आहे तिचं. उघडलं आणि एक तारखेला नवीन माणसाने परत विटा लावल्या, तर अम्मांना तो आवाज दुसऱ्यांदा ऐकावा लागेल. नाही उघडलं तर त्या विटा तशाच उशाला. निदान गिलावा तरी करून द्यायला हवा, पण त्या बाजूने गिलावा म्हणजे कायमचं झालं.

मी माझ्या खर्चाने उघडून दिलं तर नऊशे माझे होतात. त्यासाठी उघडलं, असं अम्मांना वाटायला नको.

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मोजणी पुस्तकात एका शेताचा आकडा दोनदा धरला, खोडून काढला.

२७ डिसेंबर, शनिवार.

र.भाईंना दोनदा फोन लावला, दुकान बंद. दुसऱ्यांदा शेजारच्याने घेतला, म्हणाला अम्मांना बरं नाही, दवाखान्यात नेऊन आणलं, घरीच आहेत. नवीन भाडेकरूने बयाणा दिला का, हे त्याला माहीत नव्हतं.

उद्या सकाळच्या गाडीने जातो. मारोती येतो म्हणाला आहे, नक्की नाही. नाही आला तर छिन्नी सेक्शनमधून मागून घेतली आहे, जोड चिखलाचाच आहे, विटा निघतील. झाकण पोत्यात बांधलं. बिजागरीला तेल दिलं. माप याआधी पुरतं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो: रुंदी चौदा, उंची अकरा, जमिनीपासून दोन फूट चार.

पण आधी आत जाऊन अम्मांना विचारीन, जमनाच्या जागी मी. उघडू का, म्हणून. त्या नको म्हणाल्या तर झाकण ठेवून परत येईन, आणि नऊशेचं तोंडातून काढणार नाही. हो म्हणाल्या तर र.भाईंनाही विचारावं लागेल, आणि त्या शिपायालाही. किती जणांना विचारायचं ते तिथे गेल्यावर कळेल.

जर्मनची वाटी घासून टेबलावर ठेवली आहे. कालव्यावरच्या एकाने अंबाडी दिली, पण ती उद्यापर्यंत कोमेजेल. शेंगदाणे आहेत. गूळ आहे. तिने काय घातलं असतं ते माहीत नाही.